गळाला काय लागलं

लग्न झाल्या झाल्या बायकोने माझा गळ माळ्यावर टाकला आणि शपथ घातली, "रात्री-अपरात्री तळ्यावर जाऊन बसायचं नाही!"

आज सासरेबुवांची कंबर धरली म्हणून ती तळ्यापलीकडे माहेरी गेली, आणि मी गळ काढून थेट पाण्याकाठी. मोठा मासा अंधारातच वर येतो, उजेड दिसला की पसार होतो, म्हणून बॅटरीसुद्धा विझवली.

गळ लांब फेकला आणि थोड्याच वेळात दोरीला असा हिसका बसला की मी गुडघाभर पाण्यात! मी ओढलं की तो दुप्पट ओढायचा, मी दमून थांबलो की तोही थांबायचा. असला खमक्या मासा जन्मात पाहिला नव्हता. आनंदाने किंचाळावंसं वाटत होतं, पण कुणी ऐकलं तर घरी चुगली व्हायची, म्हणून तोंडात रुमाल कोंबला आणि सगळा जीव एकवटून ओढलं.



समोरच्या काठावरून ओळखीचा आवाज आला, "बाबा, जाळी घेऊन पळत या! हा तर आमच्या ह्यांच्याएवढा जड आहे!"