पहिला बाक

"पप्पांना सांगायचं कुणी?"

"जिचं बाळ तिनं," आई म्हणाली आणि लंगोटांच्या घड्या घालायला लागली. "मला त्यात ओढू नकोस. लग्नात मी एकदा 'होय' म्हणाले, त्यानंतर त्यांनी मला काही विचारलंय होय?"

लेकीला हसू आलं नाही. उद्या रविवार, बाळाचा बाप्तिस्मा. पप्पांना पाळकपणातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नातवाच्या डोक्यावर पाणी आजोबाच घालणार, हे घरादारानं धरूनच चाललेलं. आणि गेल्या महिन्यात त्यांना दोनदा चक्कर आली. एकदा न्हाणीघरात. एकदा उभ्या उभ्या, हातात चहाची कपबशी असताना. तुकडे तिनंच वेचले होते. उद्या त्या कपबशीच्या जागी बाळ असणार. हो म्हणावं तर जीव टांगणीला, नको म्हणावं तर बापाचं मन मोडणार.

बाळाला खांद्यावर टाकून ती बाहेरच्या खोलीत गेली. पप्पा आपल्या उपासनेच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होते.

"ये ठकू. इथं जरा पाण्याचा हबका मार."

तिनं पाणी शिंपडलं.

शनिवारची संध्याकाळ कायम अशीच असायची. काही वर्षं झाली की बदलीचा हुकूम यायचा. गाव बदलायचं, शाळा बदलायची. पाळकाला राहायला मिळणारं घर कधी गळकं असायचं, तर कधी उंदरांनी आधीच बळकावलेलं. शनिवार मात्र बदलायचा नाही. पप्पा सगळ्यांचे बूट ओळीनं मांडून पॉलिश करायचे. मग तिच्या वेण्या. एक कानाच्या वर, दुसरी कानाच्या खाली. तेव्हाच प्रवचनाची तालीमही चालायची. "बंधूंनो, भगिनींनो आणि सारखी मान हलवणाऱ्या ठकूबाई!" कुणा आजाऱ्याकडून कितीही उशिरा परतले, तरी पोरांची पांघरुणं सारखी केल्याशिवाय ते निजले नाहीत.

रविवारी मात्र पप्पा चर्चच्या मंडळीचे. आई दोघा पोरांना घेऊन पहिल्या बाकावर बसायची. गाव कुठलंही असो, तो बाक न सांगता त्यांचा. दादानं चुळबुळ केली की शेजारून आईचा चिमटा, आणि वरून पप्पांची एक भुवई.

"पप्पा, उद्याचं..." तिनं एकदाचा धीर केला. "तुम्हांला उभं राहवेल ना? म्हणजे, तसं काही नाही, पण ते नवे पाळक आहेत, तर..."

इस्त्री थांबली.

"तोच करणार आहे," पप्पा म्हणाले. "परवाच बोललो त्याच्याशी. हा झगा त्याच्यासाठीच चाललाय. त्याचं सामान अजून जुन्या गावीच अडकलंय. गडी ताडमाड आहे, म्हणून तुझ्या आईनं खालची दुमड उसवून दिली."

लेकीनं वळून आत पाहिलं. आई घड्यांमध्ये भलतीच गुंग झालेली.

"चक्कर येते म्हणून?"

"चक्कर गेली खड्ड्यात. खुर्चीत बसून केला असता की." त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "तुझा बाप्तिस्मा मीच केला. दादाचाही. आईबापांनी लेकरू घेऊन पुढं यावं, असं मी म्हणायचो आणि तुझी आई एकटीच यायची. तुझं लग्न मी लावलं, तर तुला हात धरून आणलं मामानं. पाळक काय, कुणीही होईल गं. मला एकदा आपल्या बाकावर बसायचंय."

तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

रविवारी पप्पा आईशेजारी बसले. बसायचं कसं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "सर्वांनी उभं राहावं," म्हटल्यावर ते बसूनच राहिले. ते वाक्य म्हणायची सवय, पाळायची नव्हे. आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठले. डोक्यावर पाणी पडताच बाळानं भोकाड पसरलं, तर सगळ्यांच्या आधी यांचाच रुमाल बाहेर आला.

उपासना संपत आली. आशीर्वाद द्यायला नव्या पाळकानं दोन्ही हात वर केले. पहिल्या बाकातून पप्पांचेही दोन्ही हात आपसूक वर गेले. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

आईनं ते हात धरून अलगद खाली आणले आणि सोडले नाहीत.

"थांबा हो," ती कुजबुजली. "आज दोघांनी मिळून घ्यायचाय."