चटईखाली

पहाटेच लेमूसूनं ठेवणीतली, बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरली आणि अंगणात गुडघे टेकले. हातून कुणाचा घात झाला, की त्याच्या दारात असंच बसायचं, ही सामोआची रीत. त्या घरानं चटई उचलली, की माफी मिळाली. लेमूसू मात्र स्वतःच्याच दारात बसला होता.

"अहो, गाव हसेल!" बायको सिएनी दबक्या आवाजात म्हणाली. "आपल्याच घराची माफी कुणी मागतं का?"

"डोकं पुढे घालून धडक मारायला पोराला कुणी शिकवलं? मीच ना? याच अंगणात!"

तेव्हा काय तोरा होता लेमूसूचा! अमेरिकेत तिथला धडकाधडकीचा फुटबॉल खेळणाऱ्या लेकाच्या, फालानिकोच्या धडका टीव्हीवर पाहिल्याशिवाय त्याच्या घरी पाहुण्याला कोको मिळत नसे. त्याच धडकांनी मेंदू पोखरला आणि ऐन चाळिशीत फालानिको घरी परतला.

ऊन चढल्यावर तो बाहेर आला. चटईसमोर उकिडवा बसला आणि एक कोपरा उचलून आत डोकावला. लेमूसूनं श्वास रोखला.

"काका, घामाघूम झालात की हो!" फालानिको मायेनं म्हणाला. "पण माफी द्यायचा मान आमच्या वडिलांचा. बसा जरा, त्यांना बोलावून आणतो."

आणि त्यानं तो कोपरा हळूच पुन्हा खाली सोडला.