एका रेघेत

"पुन्हा नळीवर नळी चढली!" श्रीरंगने भेंडोळं आपटलं. जमिनीखालून गरम पाणी फिरवून कॅलगरीतलं आमचं घर ऊबदार करायचं, तेही स्वतःच्या हातांनी, ही त्याचीच हौस. नळी अख्खी हवी, मध्ये जोड नको, आणि दोन्ही टोकं एकाच कोपऱ्यात यायला हवीत. काँक्रीट ओतणारी माणसं तर दुपारीच येणार होती.

सासूबाई दोन-दोन मोजे चढवून दारात उभ्या होत्या. इथे आल्यापासून त्यांचा रोजचा हिरमोड ठरलेला. उंबऱ्याबाहेर काढलेली रांगोळी बघता बघता बर्फाखाली जायची.

"सरका बघू दोघं," म्हणत त्यांनी रांगोळीचा डबा उघडला. वीतवीत अंतरावर ठिपके मांडले. मग चिमटीतून रेघ सुटली. ती वळली, परतली, कुठे तुटली नाही, कुठे स्वतःवर चढली नाही, आणि निघाली होती तिथेच येऊन थांबली.

"आई, कमाल आहेस तू!" श्रीरंग त्या रेघेवर नळी अंथरत सुटला. मागून मी क्लिपा ठोकत धावले. शेवटची क्लिप बसली आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

काँक्रीट पुरतं वाळल्यावर आम्ही पहिल्यांदा गरम पाणी सोडलं. सासूबाईंनी नुकतीच जमीन पुसली होती. ओल्या जमिनीवर आधी एक कोरडी, फिकट रेघ उमटली. मग तिचं वळण. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत अख्खं कमळ.

"अगंबाई!" सासूबाईंनी मोजे काढून भिरकावले. "आता म्हणावं बर्फाला, पड हवा तेवढा!"