ओळखीची वर्षं

"चेहरा जुळतोय, ताई. नाव जुळत नाही," मतदान केंद्रावरचा मास्तर म्हणाला आणि त्याने तिचं ओळखपत्र तिसऱ्यांदा उलटसुलट करून पाहिलं.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दोन तासांची सुटी मागून आली होती, त्यातला पाऊण तास रांगेतच गेला. ओळखपत्रावर तिचं माहेरचं आडनाव होतं. सहा महिने हेलपाटे घालून तिने ते परत लावून घेतलं होतं. मास्तरपुढच्या यादीत मात्र अजून सासरचंच नाव होतं, पत्ताही सासरचाच. यादी दुरुस्त व्हायला वेळ लागेल, या खेपेला जुन्याच केंद्रावर जा, असं तिला सांगण्यात आलं होतं. म्हणून ती दहा वर्षांनी या गल्लीत आली. मतदानालाही दहा वर्षांनीच. पूर्वी नवरा सांगेल त्या चिन्हावर शिक्का मारायची, त्यामुळे तिच्या हिशेबाने हे पहिलंच मत.

"वेगळं झाल्याचा कागद आहे?"

"वेगळे झालो. कागद नाही झाला."

मास्तरने कपाळ चोळलं. एरवी तो शाळेत भूगोल शिकवायचा. "नियम नवा आहे. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. मलाही काल दुपारीच कळलं." त्याने पुस्तिकेची पानं चाळली, पुढे गेला, पुन्हा मागे आला. "एक वाट आहे. याच यादीतल्या कोणी लिहून द्यायचं की, ही बाई तीच. आहे कोणी ओळखीचं?"

तिने मागे वळून पाहिलं. रांगेतल्या बायका नव्याच होत्या, जुन्या शेजारणी कुठे पांगल्या कोण जाणे. तिच्या मागे चार माणसं सोडून एक जण हातात टोपी घेऊन उभा होता. आल्यापासून तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. न पाहताही तो तिथे आहे, हे तिला ठाऊक होतं.

"मी ओळखतो," तो म्हणाला.

लोकांनी वाट दिली. तो पुढे आला. लिफ्ट दुरुस्त करायचा, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. मास्तरने यादीवर बोट ठेवलं. त्याचं नाव आणि खाली तिचं, एकाखाली एक.

"म्हणजे तुम्ही यांचे..."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिली.

"नात्याचा रकाना भरायलाच हवा असं नाही," मास्तर घाईने म्हणाला आणि त्याने कागद पुढे सरकवला.

मिस्त्री वाकून लिहू लागला. लिहिण्याची सवय नव्हती, जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढत होता. तिला निघून जावंसं वाटलं. ज्याच्या सांगण्यातून बाहेर पडायला जन्म गेला, त्याच्याच सहीने आता मत द्यायचं. पण निघून गेलं तर हेही मत गेलंच. यातलं जास्त वाईट कोणतं, ते तिला ठरवता येईना.

"किती वर्षांपासून ओळखता?" मास्तरने विचारलं.

"बावीस," मिस्त्री म्हणाला.

"बारा," ती म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. मास्तरची लेखणी अधांतरी राहिली. "बारा की बावीस?"

"मधली दहा वर्षं ओळख नव्हती," ती मास्तरलाच म्हणाली.

मिस्त्री गोंधळला. टोपी या हातातून त्या हातात घेत त्याने विचारलं, "वेगळं राहिल्यावर मोजत नाहीत का, मास्तर?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मास्तरने पुस्तिका उघडली, थोडं वाचलं आणि मिटली. तिने मनातल्या मनात मोजून पाहिलं. दहा वर्षांत आज प्रथमच तिने त्याचा आवाज ऐकला होता आणि तो ओळखायला तिला क्षणभरही लागला नव्हता.

"लिहा बावीस," ती म्हणाली.

मतपत्रिका घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. घरून ठरवूनच आली होती, तरी सगळी चिन्हं दोनदा वाचली. कोणी खाकरलं नाही, कोणी खूण केली नाही. तिने शिक्का मारला, पत्रिकेची घडी घातली आणि ती पेटीत टाकली.

थोड्या वेळाने त्याचंही मत देऊन झालं. ती व्हरांड्यात उभी होती. कशासाठी थांबली होती, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याने हातातली चिठ्ठी पुढे केली. लिहून दिलेल्या कागदाचीच ती कार्बन प्रत होती. तिने वाचली. तिच्या नावापुढे त्याने आधी स्वतःचं आडनाव लिहिलं होतं. मग ते एका सरळ रेघेने खोडून शेजारी तिच्या वडिलांचं लिहिलं होतं. खोडलेल्या जागी बारीक सही होती.

"खाडाखोड केली की सही लागते म्हणे," तो म्हणाला. "ही चिठ्ठी मी ठेवायची की तू, ते काही मास्तर बोलला नाही."

"विचारलं नाही का?"

"राहिलं."

तिने घड्याळ पाहिलं. सुटीची वीस मिनिटं उरली होती आणि रांग आता फाटकापर्यंत गेली होती. तिने चिठ्ठी त्याला परत दिली नाही, स्वतःच्या पिशवीतही टाकली नाही. तशीच हातात धरून ती मास्तरला विचारायला रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तोही आला आणि तिच्या मागे उभा राहिला.