सतरावा प्रश्न

चंद्रपुरात बाहेर चोपन्न अंश होते आणि एसी मेकॅनिकांच्या परवान्याची परीक्षा सुरू असतानाच हॉलचा एसी बंद पडला. परवानाधारकाचा पंजा ओळखल्याशिवाय हल्ली कुठल्याच एसीचं झाकण उघडत नसे.

परीक्षक देवगडे साहेब घामाने निथळत वनमालाताईंच्या बाकापाशी आले. "वीस वर्षं हेच काम करताय ना? कुलूप तोडा, जीव जातोय माझा!"

"मागच्या मे महिन्यात माझ्या सासूबाई बंद एसीखाली तडफडून गेल्या. कुलूप तोडू का म्हणून परवाना कार्यालयात तुम्हालाच फोन केला होता. काय म्हणालात तेव्हा?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली.

"तोच तुमचा सतरावा प्रश्न आहे. परवाना नसताना बंद एसी दिसला तर काय कराल?" वनमालाताईंनी रागारागाने उत्तर लिहिलं : हात लावणार नाही. मग पेपर साहेबांच्या छातीवर आपटला. "तपासा. आणि झाला तपासून की त्यानेच वारा घ्या."