शववाहिकेवरचं कासव

मध्यंतराला मैदानावरून मित्राचा, वेंडेलचा, फोन आला तेव्हा डेल्मर आणि नदीन आपल्या कोठारात, शववाहिकेच्या पुढच्या सीटवर बसून रेडिओवर सामना ऐकत होते.

"कुठायस?" वेंडेलने विचारलं. त्याच्यामागे कॉलेजचा अख्खा बँड वाजत होता.

"घरी."

"घरी कुठे?"

डेल्मरने रेडिओ बारीक केला.

"उतर लेका. आत्ताच्या आत्ता उतर. इथे आपण नऊ गुणांनी मागे, आणि तू तिच्यात बसून ऐकतोयस होय?"

दोघं उतरले. नदीनने दार हळूच लावलं, गाडीला वाईट वाटू नये म्हणून.

या गाडीने एके काळी निम्मं गाव दफनभूमीत पोहोचवलं होतं. डेल्मरने चार हिवाळे खपून तिला हॅलडेन कॉलेजच्या रंगात आणलं. खाली हिरवी, वर मोहरीसारखी पिवळी. शवपेटी सरकवायच्या रुळांवरून आता बिअरची पेटी बाहेर यायची. टपावर भलंमोठं फायबरचं कासव, कारण हॅलडेनच्या अमेरिकन फुटबॉल संघाला कासवं म्हणतात. कासवाची मान वायपरच्या मोटरवर चालायची. एरवी मान अर्धवट, जिंकल्यावर पूर्ण बाहेर, हरल्यावर आत, असं डेल्मरने ठरवलं होतं. जिंकल्यावरची मान अजून कुणी पाहिलेली नव्हती.

गाडी मैदानाबाहेर उभी राहिली की कासवं हरायची. शेवटी गेल्या शनिवारी, पार्किंगमध्ये सॉसेज भाजता भाजता, वेंडेल आणि बाकीच्या चाहत्या मंडळींनी हात वर करून ठराव केला. पुढच्या सामन्याला गाडी घरी. तिच्याशिवाय जिंकलो तर पनवती तीच, आणि मग ती प्रुइटला विकायची. प्रुइटचा अंत्यविधीचा धंदा होता. गाडी पुन्हा काळी करायला त्याने काळ्या रंगाचे डबे आधीच आणून कोठाराच्या कोपऱ्यात ठेवले होते.

"तूही हात वर केला होतास," डेल्मर म्हणाला.

"मी माशी हाकलत होते," नदीन म्हणाली.

"एवढ्या थंडीत?"

"चिवट होती."

खेळ पुन्हा सुरू झाला. गाडीच्या उघड्या खिडकीशी कान लावून दोघं उभे राहिले. बराच वेळ काहीच घडलं नाही, आणि मग कासवांनी टचडाऊन केला. एका फटक्यात सात गुण. डेल्मरची मूठ वर गेली. मग त्याची नजर काळ्या डब्यांवर पडली आणि मूठ खिशात गेली.

"परत आत बसू या का?" नदीन हळूच म्हणाली. "थोडा वेळ. कुणाला कळतंय."

"नको. आत बसल्यावर हरले, तर ते गाडीमुळेच हरले. आपण बाहेर उभे असतानाच ते हरले पाहिजेत."

"म्हणजे ते हरायला हवेत तुला."

"असं मी म्हटलेलं नाही." डेल्मरच्या बापाला हिरव्या जर्सीत पुरलं होतं, आणि न्यायला गाडी हीच होती. "ते माझ्या तोंडून कधी निघायचं नाही."

शेवटची एकच चाल उरली. कासवं दोन गुणांनी मागे. चेंडू लाथेने दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण, सामना खिशात, आणि गाडी प्रुइटकडे. रेडिओवरच्या माणसाने आवाज खाली आणला. नदीनने नवऱ्याचा हात धरला. तो हात तिने पुढच्या दिव्यांची काच पुसताना पाहिला होता. तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तशी.

लाथ बसली.

"जा," डेल्मर म्हणाला. "जा बाळा, जा, जा."

रेडिओतून ठण्ण असा आवाज आला. चेंडू खांबावर आपटून परत आला होता. कासवं हरली.

डेल्मर हळूहळू बंपरवर टेकला.  

"तू 'जा' म्हणालास," नदीन म्हणाली.

"सवयीने."

"गाडी गेली असती."

"चेंडू हवेत असताना कुणाला गाडी आठवते?"

फोन वाजला. वेंडेलचा आवाज दफनाहून परतलेल्या माणसासारखा होता.

"गाडीचा दोष नाही रे. आपली पोरंच तसली." मग दबक्या आवाजात, "डोरिनने या वर्षी बटाट्याच्या सॅलडमध्ये सेलरीचे देठ घातलेत. आता पनवती म्हणून सगळे तिच्याकडेच बघतायत. बायको आहे माझी, मी काय बोलणार? तू पुढच्या शनिवारी गाडी घेऊन ये."

"वाईट झालं," डेल्मर म्हणाला. "फारच वाईट झालं."

त्याने कोठाराची दारं उघडली आणि गाडी उन्हात काढली. समोरच्या घराच्या ओसरीवर म्हातारा अँब्रोस हिरवी टोपी घालून बसला होता. त्याने रेडिओ नुकताच बंद केला असावा.

"तो बघतोय," नदीन पुटपुटली. "तोंड पाड जरा."

डेल्मरने तोंड पाडलं आणि बटण दाबलं. कासवाने मान आत घेतली. शववाहिका चालली आहे असं पाहून अँब्रोस उठला आणि टोपी काढून छातीशी धरून उभा राहिला.

एरवी मान आत गेली की डेल्मर बटण लगेच बंद करायचा. आज त्याने केलं नाही. मोटर वायपरची, बंद केली नाही तर मागे-पुढे होतच राहणारी. मान बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली, आणि गाडी त्या शोकाकुल रस्त्यावरून कोपऱ्यापर्यंत तशीच गेली.