मालूचं वय

सदलग्याजवळच्या एका गावात १९३१ साली जन्ममृत्यूचं रजिस्टर हरिभाऊ कुलकर्णी लिहीत. चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावायला तेव्हा नुकतीच सरकारी बंदी आली होती आणि भरमूची मालू होती बाराची.

भरमू हात जोडून म्हणाला, "अण्णा, जागा लई चांगली हाय. हातची जाईल. पोरीचं वय दोन वर्सं वाढवून लिवा."

हरिभाऊंनी भिडेखातर मालूचं जन्मसाल खोडलं आणि वर नवं लिहिलं. लग्न झालं.

दुसऱ्या वर्षी मालू बाळंतपणात गेली. पोटातलं मूलही गेलं. तिसऱ्या दिवशी भरमू नोंद करायला आला आणि उंबऱ्यातच बसून रडला. हरिभाऊंनी त्याला पाणी दिलं. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "वय काय लिहू रं?"

"पंधरा," भरमू म्हणाला.

त्यांनी पंधरा लिहिलं. रजिस्टर मिटलं. तरी भरमू उठेना.



"अण्णा, जावई थांबायला तयार न्हाईत. धाकटीला चार वर्सं वाढवून द्या."